शकूच्या डाव्या डोळ्याची हकीकत

मी कारखान्यात बॉयलरवर आहे. लिहिण्याची सवय म्हणाल तर दर तासाला वाफेचा दाब आणि पाण्याची पातळी वहीत टिपायची, एवढीच. पण गेल्या वर्षभरात आमच्या खात्यातले तिघे जण घरी येऊन विचारून गेले, की पोराला फळ्यावरचं दिसत नाही, काय करावं? तिघांनाही मी चहा पाजला, चष्मा करा म्हटलं आणि वाटेला लावलं. म्हणजे अर्धंच सांगितलं. अर्धं सांगणं हे खोटं सांगण्यातच जमा, म्हणून आता सगळं लिहून काढतो. ज्याला उपयोग होईल त्याने घ्यावं.

एक आधीच सांगतो. या हकिकतीत रडारड फारशी सापडणार नाही. यायला हवी होती, पण आली नाही. त्या सगळ्या दिवसांत मी लाकडासारखा होतो. वेळेवर कामावर जात होतो, जेवत होतो, झोपही लागत होती. याची मला अजून लाज वाटते.

डबा

आम्ही मूळचे कऱ्हाडकडचे. पिंपरीच्या आसपास कारखाने उभे राहू लागले तेव्हा इकडे आलो. घर कारखान्यापासून जवळ, त्यामुळे मी पहिल्या पाळीला असलो की साडेदहाच्या सुट्टीत माझी मुलगी शकू फाटकापाशी डबा आणून द्यायची आणि तशीच अकराच्या शाळेला जायची. तेव्हा ती सात वर्षांची होती, दुसरीत. आम्हाला तेवढी एकच.

एके दिवशी मी फाटकावर पोचायच्या आत ती डबा देऊन गेलेली होती आणि डबा होता रशीदभाईंच्या हातात. रशीदभाई दापोडीचे, माझ्याच पाळीला, माझ्याच भट्टीवर. हसत हसत म्हणाले, "दत्ताभाऊ, तुमच्या पोरीनं आज मला बाप केलं." सगळे हसले, मीही हसलो. कंपनीने सगळ्यांच्या अंगावर एकच खाकी चढवलेली, लेकरू चुकायचंच.

भाकरी खाताना मात्र ते आवाज उतरवून बोलले. "भाऊ, मला वीतभर दाढी आहे. तुम्हाला नुसती मिशी. पोरगी तोंड वर करून मला म्हणाली, आबा, आज ठेचा हाय. तिला दिसत नाही. डोळे दाखवा."

मला राग आला. आपल्या पोरीत दुसऱ्याने खोट काढली की येतो तसा. तरी घरी गेल्यावर मी शकूला ओट्यावर उभी केली आणि समोरच्या बाभळीवर किती कावळे आहेत ते विचारलं. तिने जरा वेळ घेतला आणि दोन म्हणाली. कावळे चार होते. ओरडत होते दोन.

माझी बायको यमुना दारात उभी राहून बघत होती. ती आत गेली आणि चुलीपुढे बसली. 

पुण्याचे डॉक्टर

पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. डोळ्यांत औषध घालून तिला दोन तास बाकावर बसवलं. बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या की ती माझीच मुलगी आहे असं वाटेना. मग डॉक्टरांनी लोखंडी चौकटीत एकामागून एक काचा घालून बघितलं आणि सांगितलं, दोन्ही डोळ्यांना चारचा नंबर आहे, लांबचं दिसत नाही.

यमुनाने विचारलं, कशानं झालं? डॉक्टर म्हणाले, कशाने नाही, काही मुलांना असतं. मी विचारलं, बरं कधी होईल? ते म्हणाले, बरं होत नाही. अंग वाढेल तसा नंबर वाढेल, मग विशीच्या आसपास थांबेल. चष्मा लावला की दिसेल. दर वर्षी दाखवायला आणा. आणि चष्म्याच्या नंबराची चिठ्ठी माझ्या हातात दिली.

मी तिथेच उभा राहिलो. मला वाटलं काही तरी सांगायचं राहिलं असेल. बाटलीतलं औषध, इंजेक्शन, पथ्य, काही तरी. मागच्या माणसाने खांद्याला हात लावला तेव्हा बाजूला झालो.

चिठ्ठी खिशात राहिली

यमुनाचं म्हणणं सरळ होतं, चष्मा करून टाका. ती शाळेत गेलेली नाही, पण तिला ते लगेच पटलं. पटलं नाही ते मला. मी चार इयत्ता जास्त शिकलो होतो ना!

कारण खरं सांगतो. एक तर, चष्मेवाली पोर उद्या कोण पदरात घेईल ही धास्ती. गावाकडे सात वर्षांच्या मुलीच्या नाकावर चष्मा म्हणजे ती आंधळीच झाली असं धरतात. दुसरं, माझ्या धंद्याने मला शिकवलेलं. बॉयलरची नळी गळायला लागली तर आपण खाली बादली ठेवत नाही, नळी बदलतो. चष्मा मला ती बादली वाटली.

चिंचवडला तालमीत एक म्हातारे मास्तर येत. डोळ्यांचे व्यायाम शिकवत. आम्ही त्यांना डोळ्यांचे मास्तरच म्हणायचो. माणूस सज्जन, बदल्यात कुणाकडून सुपारीचं खांडही घेत नसे. ते म्हणाले, चष्मा ही कुबडी, एकदा दिली की पाय गेला. मला हेच ऐकायचं होतं. त्यांनी सांगितलेले व्यायाम साधे होते. गार पाण्याचे हबके मारायचे. तळहात डोळ्यांवर ठेवून स्वस्थ बसायचं. आणि सकाळी सूर्य लाल गोळा असेल तोवर डोळे मिटून तोंड सूर्याकडे करून उभं राहायचं. शेवटी पापण्या दोन-तीन वेळा किंचित किलकिल्या करून लगेच मिटायच्या. ते बोलत असताना मी सगळं नीट ऐकलं होतं. मास्तरांची चूक नाही, हे या हकिकतीत स्पष्ट असावं.

आमच्या घरची सकाळ

ज्याने कधी तीन पाळ्यांत काम केलेलं नाही त्याला हे कळायला अवघड जाईल. आमच्या घरची सकाळ सूर्यावर नव्हती, माझ्या पाळीवर होती. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात मी आठला घरी यायचो, अंघोळ आणि चहा होईतो नऊ वाजायचे. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात उठायलाच आठ वाजत. आणि पहिल्या पाळीच्या आठवड्यात मी घरातून निघायचो तेव्हा उजाडलेलं नसायचं. मग मी तोड काढली. शकू साडेदहाला डबा घेऊन येतेच, तेव्हा सायकली ठेवायच्या छपरामागे उरकून घ्यायचं; बाकीच्या आठवड्यांत नऊनंतर दारापुढे.

यमुना म्हणाली, "मास्तरांनी उगवतीला सांगितलंय. मी उठवते की तिला. मी उभी करते." मी तिच्यावर सोडलं नाही. ती पोरीला लवकर सोडून देईल असं मला वाटायचं. साडेदहाची ही कसली सकाळ, असंही ती म्हणाली. मी म्हटलं, सूर्य तोच आहे ना?

आणि मिटल्या डोळ्यांतून ऊन आत कसं जाणार, हा माझा दुसरा शहाणपणा. झडप बंद ठेवून वाफ पुढे जात नाही. म्हणून मी तिला डोळे उघडून बघायला लावायचो. मागे उभा राहून घड्याळावर मोजायचो. पहिल्या दिवशी वीस सेकंद, मग तीस, मग चाळीस. दिवाळीनंतर सुरुवात केली, कडाक्याची थंडी पडेपर्यंत दोन मिनिटांवर गेलो. तिच्या डोळ्यांतून पाणी गळायचं. मी म्हणायचो, घाण निघतेय.

रशीदभाईंनी एकदा छपरामागे आम्हाला पाहिलं. शकू शाळेला गेल्यावर ते माझ्यापाशी आले. "भाऊ, भट्टीत डोकवायचं तर आपण दोघं निळी काच धरतो. पोरीपुढे काय धरलं होतं?" मी त्यांना म्हटलं, आपल्या कामाशी काम ठेवा. त्यानंतर महिनाभर आम्ही एकाच भट्टीवर उभे राहून एकमेकांशी बोललो नाही. माझ्या वरच्या खिशात ती निळी काच रोज असायची.

मग एक दिवस शकू म्हणाली, "आबा, भितीवर काळं दिसतंय." कुठे, असं विचारलं तर म्हणाली, मी बघीन तिथं. मी सांगितलं, गुण येतोय. असं मला कुणीही सांगितलेलं नव्हतं. ते मी त्या क्षणी माझ्या मनाने रचलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिला उभी केली.

शिकेकाई

यमुना शकूला न्हाऊ घालत होती. शकूच्या उजव्या डोळ्यात शिकेकाई गेली. तिने तो गच्च मिटला आणि डाव्या डोळ्याने वर बघून विचारलं, "आई, तुझं तोंड कुठं हाय?"

"समोरच हाय की."

"केस दिसत्यात. हात दिसत्यात. तोंड न्हाई."

मी पलीकडे खाटेवर पडलो होतो, तिसरी पाळी करून आलेलो. मला सगळं ऐकू आलं. यमुनाने तिला पुसून कपडे घातले, वेणी घातली, मग माझ्यापाशी आली. आवाज चढवला नाही. "उद्या तुमी खाडा करा," ती म्हणाली. "न्हाईतर मी एकली घेऊन जाते."

केसपेपर

तेच डॉक्टर होते. त्यांनी बारीक दिव्याने दोन्ही डोळ्यांच्या आत बराच वेळ बघितलं. डाव्यात पुन्हा बघितलं. मग खुर्ची मागे सारून मला विचारलं, "हिने सूर्याकडे पाहिलं होतं का? उघड्या डोळ्यांनी?"

मी तोंड उघडलं. माझ्या आधी शकू बोलली.

"मी बघितलं. खेळताना. आबा नगं म्हणत हुते."

डॉक्टरांनी मान हलवली आणि केसपेपरवर इंग्रजीत एक ओळ लिहिली. मग कीव आल्यासारखं माझ्याकडे बघून म्हणाले, मुलांवर किती लक्ष ठेवणार, नाही का? मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाही सांगता येणार नाही. यमुना माझ्याकडे बघत होती. मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत होतो. खालची ओळसुद्धा मला स्वच्छ दिसत होती.

बाहेर पायऱ्यांवर यमुना म्हणाली, "ती लेकरू हाय, ती बोलली. तुमी का गप बसला?" मी पायऱ्या उतरत राहिलो. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. पुढचं वर्षभर ती मला वेळेवर जेवायला वाढत होती आणि लागेल तेवढंच बोलत होती.

दहा दिवस

दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधून शकूला दहा दिवस निजवून ठेवलं. बायकांचा वॉर्ड, म्हणून यमुना तिथे राहायची. मी पाळी सुटली की पिंपरीहून गाडी धरून जायचो. सकाळी सहाला ताप बघायचे, मग पेज, मग डॉक्टरांचा फेरा, चारला भेटायची वेळ. तिथे घड्याळ हवं असं नाही. पेजेच्या पातेल्याचा आवाज आला की किती वाजले ते शकूला कळायचं.

शेजारच्या खाटेवर चऱ्होलीची एक आजीबाई होती, मोतीबिंदू काढलेली. तिलाही पट्टी. तिने शकूला पावलांवरून माणूस ओळखायला शिकवलं. मी वॉर्डात शिरलो की म्हणायची, "आला बघ तुजा बा. वहाणा अशा वढतोय जसं काय बैलाचं जू खांद्यावर हाय." शकू खुदकन हसायची. त्या म्हातारीचे उपकार फिटायचे नाहीत. घरच्या कुणालाही त्या दिवसांत पोरीला हसवता आलं नव्हतं. मला तर नाहीच.

एकदा यमुना कपडे धुवायला गेली असताना मी शकूला विचारलं, तू तसं का सांगितलंस? तिने पट्टी बांधलेलं तोंड माझ्याकडे केलं, थोडं चुकीच्या बाजूला.

"डॉक्टर तुमाला रागावले असते."

मला काही वाटलं नाही. आत सगळं बधिर होतं. मी तिला मोसंबं सोलून दिलं.

पट्टी सुटली. उजव्या डोळ्याला धक्का लागलेला नव्हता. डाव्याचा मधला भाग गेला होता, तो येणार नव्हता. डॉक्टर म्हणाले, त्या डोळ्याने कडेकडेचं दिसेल, ज्याच्याकडे बघेल तेच दिसणार नाही. मग वाकून तिला म्हणाले, "आता पुन्हा असा वेडेपणा करायचा नाही हं." शकू म्हणाली, "न्हाई करणार." मी तिच्या मागे तिची पिशवी धरून उभा होतो.

चष्मा

खिशातली चिठ्ठी घामाने विरली होती, नवी करून घेतली. चष्मा आला. पंधरा दिवसांत ती चष्म्यासकट खेळायला लागली. पोरांनी आठ दिवस चिडवलं आणि कंटाळून सोडून दिलं. गावाकडे मात्र एका लग्नात बायकांनी तिला कोपऱ्यात बसवली. तिथून तिला उठवून यमुनाने पहिल्या रांगेत आणलं, तेव्हा मी बायकोच्या तोंडाचा पट्टा ऐकला. बाकीच्यांनीही ऐकला.

मी मास्तरांकडे गेलो. भांडायला नव्हे, सांगायला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी उगवत्या सूर्याला सांगितलं होतं हो. मिटल्या डोळ्यांनी." मी म्हटलं, व्हय, तसंच सांगितलं होतं. रशीदभाई एका रविवारी आपणहून घरी आले, शकूसाठी पेरू घेऊन. "मी म्हटलं होतं ना" हे वाक्य त्यांच्या तोंडून आजपर्यंत आलेलं नाही. आलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

ज्यांची मुलं लहान आहेत त्यांना, मला डॉक्टरांनी जे सांगितलं तेच सांगतो. चष्म्याने नंबर वाढत नाही, तो वाढायचा असेल तर तसाही वाढतो. दर वर्षी दाखवा. आणि घरातली बाई सरळ काही सांगत असेल तर ऐका. रोग मोठा वाटतो आणि औषध फार साधं वाटतं, तिथे आपल्यासारखा माणूस फसतो. त्याला काही तरी जास्त करायचं असतं.

या वर्षी

सहा वर्षं झाली. दर वर्षी आम्ही पुण्याला जातो. ते जुने डॉक्टर तिला बघून म्हणायचे, "काय, सूर्याशी भांडलेली बाई आली का?" शकू हसायची. शाळेतल्या बाईंनी विचारलं, पाहुण्यांनी विचारलं, मैत्रिणींनी विचारलं, तरी तिचं उत्तर तेच असायचं. लहानपणी मी वेडी होते, खेळताना सूर्याकडे बघत बसले. सांगता सांगता तिने त्यात रंगही भरले होते. आबा कसे ओरडत धावत आले, वगैरे. मी त्याच खोलीत बसलेला असायचो.

या वर्षी डॉक्टर नवीन होत्या, तरुण बाई. त्यांनी जुना केसपेपर वाचला, तपासलं, आणि शकूला पहिल्यापासून विचारलं. शकू आता तेरा वर्षांची आहे. तिने नेहमीची गोष्ट घडाघडा सांगितली. डॉक्टरबाईंनी पुन्हा तिच्या डोळ्यांत बघितलं.

"दोन्ही डोळ्यांनी बघितलं असतंस तर दोन्ही भाजले असते," त्या म्हणाल्या. "डावाच कसा?"

शकू विचार करू लागली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. मला वाटलं होतं ती आता माझ्यासाठी आणखी काही रचेल. तिने रचलं नाही. ती खरोखर आठवत होती आणि तिला आठवत नव्हतं. "ते मला माहीत नाही," ती म्हणाली.

मी म्हटलं, "मला माहीत आहे."

मग मी सांगितलं. ती खेळत नव्हती. मी तिला धरून उभी करायचो, तिचं डोकं माझ्या पोटाला टेकवून. उघड म्हटलं तरी ती दोन्ही डोळे गच्च मिटून घ्यायची. माझ्या उजव्या हातात घड्याळ असायचं. म्हणून डावा हात तिच्या कपाळावर ठेवून अंगठ्याने मी तिची डावी पापणी वर धरायचो. उजवा डोळा तिने मला उघडू दिला नाही. तो तिने वाचवला.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी जुन्या ओळीवर रेघ मारली आणि खाली तीन ओळी लिहिल्या. सहा वर्षं मी कुणी तरी रागावेल याची वाट बघत होतो. तेही झालं नाही.

आम्ही स्टेशनवर आलो. फलाटावर बाकावर बसलो. 

"मी सगळ्यांना सांगत आले, मीच वेडी होते म्हणून," ती म्हणाली. "मला खरंच तसं वाटायचं, आबा."

मी म्हटलं, "न्हवतीस."

 मग तिने विचारलं, "म्हणजे मी डोळे मिटले होते?"

"व्हय," मी म्हटलं. "तू रोज मिटायचीस."